डावखुरा राजा

पुतळाच चुकला आहे, असं दादाचं ठाम मत पडलं.

भर चौकात, बसमधून उतरलेल्या पंचवीस-तीस प्रवाशांच्या घोळक्यात, मान मागे टाकून तो घोड्यावरच्या राजाकडे असा बघत होता, जणू कारागिरानं काम अर्धवट टाकून पोबारा केला होता आणि आता जाब विचारायला दादाशिवाय कोणी उरलंच नव्हतं.

"तलवार उजव्या हातात आहे," तो म्हणाला.

"दिसतंय ते," वहिनी म्हणाली.

"उजव्या हातात कशी असेल? राजा डावखुरा होता."

"असं कोणी सांगितलं?"

"नानांनी!" दादा म्हणाला. "पुतळा बदललाय यांनी. मूळचा पडला असेल, नाहीतर नेला असेल कोणी. हा नंतरचा आहे. नानांनी रंगवलेला आपला पडदा बरोबर आहे."

वहिनीला हसू आवरेना. दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढलेली बाई. रडणाऱ्यांची तिला सवय होती, पण सासरच्या माणसांच्या अशा बोलण्यापुढे मात्र ती हात टेकायची. "राजधानीतला पुतळा खोटा, आणि तुमच्या दुकानातला पडदा खरा! आपला तो बाब्या म्हणतात, ते काही उगाच नाही."

छबी मात्र हसली नाही. दादाची ही धाकटी बहीण. वडील नाना फोटोवाले म्हणून ही छबी, आणि पन्नाशी उलटली तरी छबीच. ती राजाकडे बघत होती. आधी तलवारीकडे, मग घोड्याच्या वळलेल्या मानेकडे, मग राजाच्या खांद्यावरून उडालेल्या शेल्याकडे. पडद्यावर शेला उजवीकडे उडायचा. इथे तो डावीकडे उडत होता. एक गोष्ट चुकली असती तर ती नजरचूक म्हणता आली असती. इथे सगळंच्या सगळं उलटं होतं, आणि उलटं असूनही जिथल्या तिथे होतं. असं कशानं होतं ते छबीला नेमकं ठाऊक होतं, कारण तिनं आयुष्यभर तेच काम केलं होतं. काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलीनं सुरकुत्या बुजवताना ती काच हजार वेळा तिनं उलटीसुलटी केली होती. काच उलटी धरली की डावं उजवं होतं. नवखा माणूस हमखास फसतो.

पडदा रंगवताना नानाही तसेच फसले होते.

सकाळी नदीवर गेले होते तेव्हाही असंच झालं होतं. दुकानातल्या पुलाच्या पडद्यावर डाव्या टोकाला बुरूज होता, इथे तो उजव्या टोकाला निघाला. दादा म्हणाला, आपण चुकीच्या काठावर उभे आहोत. मग तिघं जण पूल ओलांडून पलीकडे गेले, धापा टाकत खाली उतरले, आणि बुरूज डावीकडे दिसल्यावर दादा असा खूश झाला की त्यानं स्वतःच्या पैशांनी सगळ्यांना चहा पाजला. काठ बदलून पूल सुलटा करता येतो. राजाच्या हातातली तलवार कुठल्या काठावर जाऊन बदलायची?

"दादा," छबी हळूच म्हणाली, "नाना इथं आलेच नव्हते."

दादानं तिच्याकडे पाहिलं नाही. पण त्यानं आपला डावा हात खिशात घातला, आणि तो बराच वेळ बाहेर काढला नाही.

छबीला ते दिसलं, आणि फार वाईट वाटलं. लहानपणी शाळेत दादाच्या त्या हातावर पट्टी बसायची. उजव्या हातानं लिही म्हणून मास्तर मारायचे, आणि तो घरी येऊन हात पाठीमागे लपवून जेवायला बसायचा. तेव्हा एकदा नानांनी त्याला उचलून दुकानात नेलं, पडद्यासमोर उभं केलं, आणि विचारलं, "राजाच्या कुठल्या हातात तलवार आहे?" त्या दिवसापासून दादा डावखुरा राहिला तो राहिलाच. मास्तर मारून मारून दमले.

तो पडदा म्हणजे त्यांच्या घरादाराचं भाग्य होतं. गावातल्या निम्म्या घरांत त्या राजासमोर काढलेले फोटो टांगलेले होते. नवं लग्न झालेली जोडपी, पहिल्या वाढदिवसाचं रडकं बाळ, नोकरी लागलेला जावई, सगळे राजाच्या घोड्याखाली उभे राहिलेले. राजधानीला जायची ऐपत कोणाची होती? दुधाची तहान ताकावर. आणि नाना कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून प्रत्येक गिऱ्हाइकाला न चुकता सांगायचे, "समोर उभं राहून काढलंय हो मी. छापील चित्रावरून नाही." त्या एका वाक्यावर दुकान चाललं, दादाचं शिक्षण झालं, छबीचं लग्न झालं.

आणि त्याच एका वाक्यावर आई रुसली ती कायमची.

*

आई हॉटेलच्या खोलीत खिडकीशी बसली होती. प्रवासानं पाय सुजले म्हणून पहिला दिवस तिला वहिनीनं सक्तीनं विश्रांती दिली होती. पाय स्टुलावर, अंगावर शाल, हातात थंड झालेला चहा.

"पाहिलात राजा?" दार उघडताच तिनं विचारलं.

दादा बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. वहिनीनं पाण्याचा पेला उचलला. उरली छबी.

"बंद आहे आई," छबी म्हणाली. "म्हणजे झाकलाय. डागडुजी चाललीय."

"पूर्ण झाकलाय?"

"पूर्ण. कापडानं. घोड्याचं शेपूटसुद्धा दिसत नाही."

एवढं सांगायची गरज नव्हती. खोटं बोलणाऱ्याला शेपटाचा मोह आवरत नाही. आईनं "हं" केलं, आणि चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला.

"माझं नशीबच तसलं," ती म्हणाली. "ते बघून आले, मी झाकल्यावर आले."

ते म्हणजे नाना. आई त्यांचं नाव घेत नसे, आणि ते गेल्यापासून तर 'हे' सुद्धा म्हणत नसे. घरात कुठल्याही कारणानं भांडण झालं, मीठ कमी पडलं म्हणून झालं नाहीतर पाहुणे न सांगता आले म्हणून झालं, तरी शेवटी गाडी राजधानीलाच येऊन थांबायची. दादा पाळण्यात होता तेव्हाची गोष्ट. दुकान नवं होतं, पडदे रंगवायचे होते, म्हणून नाना राजधानी बघायला निघाले. आईनं मलाही न्या म्हटलं. तान्हं मूल घेऊन कुठं येतेस, पुढच्या खेपेला तुला नक्की नेतो, असं नाना म्हणाले आणि एकटेच गेले. अख्खा हिवाळा गेला. पाळण्यातल्या मुलाला ताप येऊन गेला, आई एकटीच जागली. नाना परत आले, पडदे रंगवले, दुकान नावारूपाला आलं. पुढची खेप काही आली नाही. "तुम्ही आपले बघून आलात" एवढं आई म्हणाली की नाना मान खाली घालून डार्करूममध्ये जायचे आणि लाल दिवा लावून बसायचे. लाल दिवा असताना दार उघडायचं नाही हा घरचा नियम. इतर नवऱ्यांना अशी सोय नसते.

संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये आईला कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवून तिघं सूप आणायच्या निमित्तानं रांगेत उभी राहिली आणि तिथंच त्यांची सभा भरली.

"सांगून टाकावं," वहिनी म्हणाली. "काय बिघडतं?"

"काय बिघडतं?" छबीचा आवाज चढला, मग तिनं तो आवरला. "आधीच ती नानांवर रुसलेली. त्यात ते जन्मभर खोटं बोलले असं कळलं तर उरलंसुरलंही जाईल. मी नानांच्या शेजारी बसून काम केलंय वहिनी. त्यांचं वाईट झालेलं मला बघवणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ कोणाची, आणि झाकताय कोण? दवाखान्यात मी हे रोज बघायचे. नातेवाईक बाहेर येऊन कुजबुजतात, पेशंटला सांगू नका हं सिस्टर. आणि पेशंटला सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं."

"आई पेशंट नाहीये."

"म्हणून तर सांगा म्हणते."

दोघींनी दादाकडे पाहिलं. एरवी दादा बायकोच्या बाजूनं असायचा. दुकानातून कॅमेरे जाऊन कॉम्प्युटर आले, पडदे माळ्यावर गेले, तेव्हा छबी किती भांडली होती. तेव्हाही तो वहिनीच्याच बाजूनं होता. पण आज त्यानं सुपाच्या पातेल्यात डाव बुडवला, आणि डाव्या हातानं ढवळत म्हणाला, "छबी म्हणते ते बरोबर आहे. नकोच सांगायला."

वहिनीनं नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं, आणि तिचा आवाज खाली आला. "तुम्हाला आईंसाठी नकोय की स्वतःसाठी?"

दादानं सूप ओतून घेतलं. वाटी घेऊन तो आईकडे गेला.

*

दुसरा दिवस राजवाड्यात गेला. आईला चाकाच्या खुर्चीत बसवून दालनामागून दालनं दाखवली. झुंबरं, आरसे, राणीचा पलंग. आई म्हणाली, पलंग आखूड आहे. मग बाग झाली, बागेतलं तळं झालं, तळ्यातली बदकं झाली. छबी नको इतकं बोलत होती. हे बघ आई, ते बघ आई. एखाद्या मुलाचं दुखणाऱ्या दातावरून लक्ष उडवावं तशी ती आईचं लक्ष उडवत होती, आणि आपण हे करतोय याची तिची तिलाच लाज वाटत होती.

"बदकं आपल्याकडेही आहेत," आई शेवटी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सामान बांधून झालं. दुपारची गाडी होती. मधल्या वेळात एक जुनं ग्रंथालय बघून स्टेशनवर जायचं, असं छबीनं ठरवून टाकलं होतं. टॅक्सीत आई पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, कारण पाय लांब करता येत होते. तिघं मागे दाटीवाटीनं बसली. टॅक्सी निघाली, आणि पहिल्याच सिग्नलला आईनं ड्रायव्हरकडे मान वळवली.

"काय हो, तो राजाचा पुतळा, त्याची डागडुजी कधी संपायची?"

"डागडुजी?" ड्रायव्हर म्हणाला. "कसली डागडुजी? काल शाळेची पोरं सोडली मी तिथं. झक्क उभा आहे राजा."

मागच्या सीटवर छबीनं दादाचं कोपर धरलं.

"झाकलेला नाही?"

"राजाला कोण झाकणार आजी?"

"मग घ्या तिकडं," आई म्हणाली. मागे वळून तिनं पाहिलंसुद्धा नाही. "आणि ग्रंथालय राहू द्या. मला चष्मा लावूनही वाचता येत नाही, हे माझ्या लेकीला माहीत आहे."

"आई, अगं—" छबीनं सुरुवात केली.

"गप्प बस छबे. घरी गेल्यावर बोलू."

वहिनी खिडकीबाहेर बघत होती. तिला हसू येत होतं की वाईट वाटत होतं, ते छबीला कळलं नाही. दादानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

चौकात ऊन पडलं होतं. दादानं डिकीतून खुर्ची काढली, उघडली, आईला उचलून बसवलं. घोड्यासमोर थोडी मोकळी जागा होती तिथं त्यानं खुर्ची नेऊन थांबवली, आणि तो खुर्चीच्या मागेच उभा राहिला, म्हणजे आईला त्याचं तोंड दिसू नये. छबी बाजूला उभी राहिली. आता जे होईल ते होईल. नानांचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे येत होता. काळ्या कापडातून बाहेर आलेला, केस विसकटलेले, "समोर उभं राहून काढलंय हो मी."

आईनं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हात उलटा आहे," ती म्हणाली.

मग तिनं बोट घोड्याकडे नेलं.

"घोडाही उलटा आहे. पडद्यात घोडा दाराकडे बघायचा. हा तिकडं बघतोय." तिनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं, मग राजाकडे, मग पुन्हा हातांकडे. फोटोवाल्याची बायको होती ती. ओल्या काचा वाळत घालण्यात तिचा उभा जन्म गेला होता. "छबे, काच उलटी धरली की असं होतं ना?"

आता हातच्या कांकणाला आरसा कशाला? "हो," छबी म्हणाली.

"म्हणजे हे काचेवरून रंगवलंय. दुसऱ्या कोणीतरी काढलेल्या."

"हो आई."

"म्हणजे हे इथं आलेच नव्हते."

छबीला रडू फुटलं. "आई, तू रागावू नकोस त्यांच्यावर. गिऱ्हाइकांसाठी बोलले असतील गं. एकदा तोंडातून गेलं, मग मागे घेता आलं नसेल. त्यांना कमी लेखू नकोस. ते खोटारडे नव्हते."

पण आई ऐकत नव्हती. तिचा चेहरा बदलत होता, आणि छबीनं अपेक्षा केली होती तसा अजिबात नाही.

"त्या हिवाळ्यात परत आले ना," आई म्हणाली, "तेव्हा हे हाडाचा सापळा झाले होते. कोपरापर्यंत रंग. अंगाला टर्पेंटाइनचा वास, महिनाभर जाईना. मी म्हटलं, राजधानी बघून आलेला माणूस असा येतो होय? तर म्हणाले, तालुक्याला पडदेवाल्या मास्तरांकडे चार दिवस थांबलो होतो. चार दिवस कसले! अख्खा हिवाळा तिथंच काढलेला असणार. मास्तरांच्या खोलीत, त्यांच्या काचा बघून शिकत. पुढे जायला जवळ पैसे नसणार, आणि तसंच परत यायची लाज वाटली असणार." तिनं शालीचं टोक डोळ्यांना लावलं. "आणि मला वाटायचं, हे इथं मजेत हिंडतायत. मी पोराच्या कपाळावर घड्या ठेवत बसले, आणि हे नदीकाठी वारा खातायत. प्रत्येक रात्री मला तो पूल दिसायचा. मी न पाहिलेला पूल!"

"आई," दादा खुर्चीमागून म्हणाला.

"अरे, हे मला सोडून आलेच नव्हते!"

ती हसत होती. म्हातारपणात माणूस लहान मुलासारखं हसतं तशी, तोंडावर हात घेऊन, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. आणि मग छबीला कळलं, की आई इतकी वर्षं नानांच्या खोटेपणावर रागावलीच नव्हती. तिनं ते खरं मानलं, म्हणून रागावली होती. आणि आपण काय करत होतो? बापाची अब्रू वाचवायची म्हणून आईचा राग जपून ठेवत होतो.

हसणं ओसरल्यावर आईनं डोळे पुसले.

"शेवटच्या आजारात मला म्हणाले होते," ती सावकाश म्हणाली. "तुला न्यायचं राहिलं. मी म्हटलं, तुमचं तर झालं ना बघून. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं." तिनं शाल गुडघ्यांवर सारखी केली. "तेव्हा तरी सांगायचं की नाही? अख्ख्या गावाला फसवलंत, बायकोला तरी सांगायचंत."

वहिनीनं पुढे होऊन आईच्या खांद्यावर हात ठेवला. दादाकडे बघून तिनं हलकेच मान हलवली. दादा खुर्चीमागून पुढे आला आणि आईसमोर उकिडवा बसला. साठी उलटलेला, पोट सुटलेला माणूस. बसताना त्याचे गुडघे वाजले.

"राजा डावखुरा नव्हता आई," तो म्हणाला. हे त्यानं जरा हसत म्हटलं.

आईनं त्याचा डावा हात आपल्या हातांत घेतला. "नसेना. त्याच्या बापानं त्याला काय सांगितलं ते त्याचं तो बघेल. तुझ्या बापानं तुला जे सांगितलं ते ह्यांना खरंच वाटत होतं. खोटं नाही बोलले हे तुझ्याशी. ह्यांनाच ठाऊक नव्हतं रे."

एवढं बोलून तिनं पुन्हा राजाकडे पाहिलं. आता ती पहिल्यासारखं पाहत नव्हती. डोळे बारीक करून, भाजी निवडताना बघावं तसं बघत होती.

"त्या घोड्याचा एक पाय उचललेला आहे. पडद्यात चारही टेकलेले होते ना?"

"हो," छबी म्हणाली. "मास्तरांच्या काचेत पाय कापला गेला असेल."

"आणि मागे ते काय आहे? कारंजं?"

"कारंजं आहे."

"ते तर पडद्यात नव्हतंच. फिरव रे मला. चारी बाजूंनी फिरव."

"गाडी चुकेल आई," वहिनी म्हणाली, पण म्हणायचं म्हणून.

"फोटो काढू का तुझा?" छबीनं विचारलं. "राजासमोर?"

"फोटो नको. फोटोवरूनच तर एवढा घोळ झाला," आई म्हणाली. "नीट डोळ्यांनी बघू दे. वर गेल्यावर ह्यांना सगळं सांगायला लागेल. ह्यांनी कुठं पाहिलंय?"

दादानं खुर्चीचं हँडल धरलं, आणि घोड्याच्या शेपटाकडून सुरुवात केली.